मुदत संपलेलं नाव

"तुमच्या मुलीने बुटांचं दुकान काढलंय का?" असं त्या बाईंनी फोनवर विचारलं तेव्हा मला वाटलं, नंबर चुकला असेल. पण आवाज ओळखीचा होता. त्यांच्या नवऱ्याची वाचा अर्धांगाच्या झटक्यात गेली होती आणि माझी लेक त्याला आठवड्यातून दोनदा बोलायला शिकवत होती. गेलेली वाचा परत आणणं हेच तिचं काम. घरी केलेला सराव फोनवर रेकॉर्ड करून पेशंट तिच्या मेलच्या पत्त्यावर पाठवतात. त्या बाईंनी सकाळपासून तीनदा पाठवलेला मेल तीनदा परत आला होता, आणि लेकीच्या दवाखान्याचं इंटरनेटवरचं पान उघडलं की बूट दिसत होते. मी ओल्या हातांनीच उघडून पाहिलं. निळं पान नव्हतं, लेकीचा फोटो नव्हता, वेळा नव्हत्या. बुटांच्या तीन रांगा होत्या आणि त्यांच्या वर लिहिलं होतं की या नावाची मुदत संपली आहे. 'पुन्हा बोल' हे ते नाव. अकरा वर्षं ते लेकीच्या पाटीवर, पावत्यांवर आणि तिच्या पेशंटांच्या तोंडी होतं. बोबडं, अडखळत, अर्धं का होईना, पण होतं. आणि आता त्याखाली माणसं चपला विकत होती.

ते नाव जावयाने सुचवलं होतं आणि इंटरनेटवर त्यानेच स्वतःच्या नावाने, वर्षावर्षाचे पैसे भरून नोंदवलं होतं. तेव्हा तो जावई होता. चार वर्षांपूर्वी दोघं वेगळे झाले तेव्हा वकिलांनी वाटणीची यादी केली. कपाट कुणाचं, पुस्तकांची मांडणी कुणाची, कपडे वाळत घालायचा स्टँडसुद्धा त्या यादीत होता. नाव कुणाला आठवलं नाही. दिसत नाही ना ते. लेकीने दोन पेशंटांच्या मधे त्या नोंदणीच्या कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीने सांगितलं, मुदत संपून अकरा दिवस झालेत, तीस दिवसांच्या आत जुन्या मालकालाच ते परत चालू करता येईल. त्यानंतर ते बाजारात मोकळं. अशी नावं टपून बसून उचलणारी माणसं असतात म्हणे. लेक म्हणाली, मालक मीच आहे. ती मुलगी म्हणाली, नाही मॅडम, तुमचं नाव इथे कुठेच नाही. लेकीने तिच्या दुसऱ्या, खासगी पत्त्यावरून त्याला दोन ओळींचा मेल टाकला. त्याची अर्ध्या तासात एक ओळ आली: "आईंशी बोलतो." घरी आल्यावर तिने फोन माझ्यापुढे धरला, मग खिशात टाकला आणि म्हणाली, "जाऊ दे. मी बघते काय करायचं ते." मी म्हटलं, "तू कशाला बघतेस? मी बोलते ना त्याच्याशी." चौतीस वर्षं मी हॉस्पिटलचा वॉर्ड चालवला. अजूनही बिल्डिंगमध्ये मला मेट्रन म्हणतात. ज्यांनी साहेबांच्या तीन चिठ्ठ्यांना दाद दिली नाही अशा माणसांकडून मी चादरी वेळेवर काढून घेतल्या आहेत. एक नाव परत मिळवणं म्हणजे काय मोठं?

पण नंबर लावताना बोट अडलं. जावई होता तेव्हा मी त्याला 'तुम्ही' म्हणायचे. वयाने तो मला लेकरासारखा, पण जावई म्हणजे जावई. आता कोर्टाने त्याला जावईपणातून मोकळं केलं होतं, पण मी त्याला काय म्हणायचं ते निकालात लिहिलेलं नव्हतं. अरे म्हटलं तर जवळीक वाटेल, अहो म्हटलं तर जुनंच नातं चालू ठेवल्यासारखं. शेवटी मी वाक्यं अशी रचली की त्यांत कुणालाच काही म्हणावं लागू नये. "ते नावाचं कळलं. तेवढं परत चालू व्हायला हवं." पलीकडून तोच मऊ आवाज आला, "हो आई. करतो." मी फोन ठेवला आणि लेकीला सांगितलं, झालं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, बूट. तिसऱ्या दिवशी बुटांवर सवलत लागली. चौथ्या दिवशी मी पुन्हा फोन केला. "हो आई, आजच करतो. डोक्यात आहे माझ्या." नन्नाचा पाढा लावणारी माणसं परवडली, त्यांच्याशी निदान भांडता येतं. हा माणूस प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचा आणि त्याचा हो म्हणजे भिजत पडलेलं घोंगडं. उचलावं तर जड, ठेवावं तर वास मारतं.

तो औषधांच्या बाटल्यांवरच्या लेबलांचा मजकूर छपाईसाठी जुळवायचा. तिथे त्याची चूक कधी झाली नाही. एवढ्याशा कागदावर मात्रा, तारीख, इशारा, सगळं मुंगीच्या अक्षरात बसवायचं आणि एक टिंबसुद्धा हलू द्यायचं नाही. त्याचे साहेब लग्नात मला म्हणाले होते, तुमच्या जावयासारखा वेळेचा माणूस आमच्याकडे दुसरा नाही. मी आणि लेक पुढे आठ वर्षं शोधत होतो की तो वेळेचा माणूस संध्याकाळी घरी येताना वाटेत कुठे उतरतो. स्वयंपाकघरातला दिवा गेला तेव्हा त्याने नवा आणला, त्याच्याखाली स्टूल ठेवलं, आणि ते स्टूल पाच महिने तिथे होतं. आम्ही त्याला वळसा घालून जायला शिकलो. शेवटी मीच चढले, साठाव्या वर्षी. तो खाली स्टूल धरून उभा होता आणि मनापासून म्हणत होता, "आई, मी करणारच होतो." खरंच करणार होता, हीच तर पंचाईत. घटस्फोटाचं कळल्यावर नात्यातल्या बायकांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, पितो का? नाही. हात उचलतो? नाही. बाहेर काही? छे. मग झालं काय? मी काय सांगणार? करतो म्हणतो, असं सांगितलं की त्या माझ्याकडेच बघायच्या. त्यांना तो अर्ज कसा समजावणार? लेकीला परदेशात सहा महिन्यांचं शिक्षण मिळत होतं. घशाचा कर्करोग झालेल्यांना नव्याने आवाज काढायला शिकवायचं, ते तिला शिकायचं होतं. ती दिवसभर पेशंटांत, म्हणून अर्ज त्याने भरला. पाठवायचाही त्यानेच. मुदत गेल्यावर तीन आठवड्यांनी तो ड्रॉवरमध्ये सापडला. सुंदर अक्षरात, एकही खाडाखोड नाही, पाकिटावर पत्तासुद्धा घातलेला. लेक ओरडली नाही. तिने ते पाकीट जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि आम्ही तिघांनी त्याच्या शेजारी ताटं मांडून जेवण केलं.

नऊ दिवस उरले तेव्हा माझा तोल गेला. फोनवर मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, हे असं किती दिवस चालायचं? तो म्हणाला, "तुम्ही चिडू नका आई, बीपी वाढेल." माझ्या बीपीची गोळी कुठली ते अजून त्याच्या लक्षात होतं, त्याने नावासकट सांगितलं आणि विचारलं, अजून तीच चालू आहे ना? मी हो म्हटलं. मग त्याने गुडघ्याचं विचारलं. फोन ठेवल्यावर कळलं की वीस मिनिटं झाली आणि नावाचा विषय दुसऱ्याच मिनिटाला सुटला होता. स्वतःचाच राग आला. लेक संध्याकाळी आली. मी सांगितलं, उद्या जाऊन त्याच्या मानगुटीवर बसते. ती बूट काढत म्हणाली, "आई, एवढं काय त्यात? राहू दे." तिची ही 'राहू दे' म्हणायची तऱ्हा मला पहिल्यापासून आवडत नाही. जगाला बोलायला शिकवते आणि स्वतःला काही हवं असलं की तोंडाला कुलूप. म्हटलं, हिच्या वतीने कुणीतरी बोलायलाच हवं. तेव्हा मला असंच वाटत होतं.

तो तिसऱ्या मजल्यावर राहत होता. लिफ्ट होती, पण बंद. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून मी काय बोलायचं ते मनाशी म्हणत होते. वॉर्डात राउंडच्या आधी म्हणायचे तसं. दार त्याने लगेच उघडलं. मंगळवारची त्याची सुट्टी मी विचारून घेतली होती. मी आत गेले आणि सगळं म्हणून ठेवलेलं विसरले. माझी कल्पना होती की घर म्हणजे नुसता पसारा असणार. गळका नळ, गेलेले दिवे. खोली लख्ख होती. सगळे दिवे लागत होते. नळ मी मुद्दाम उघडून बंद करून पाहिला, एक थेंब गळला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर विजेचं बिल, पाण्याचं बिल, दाताच्या डॉक्टरची तारीख, सगळं लिहिलेलं, आणि झालेल्या कामांवर बारीक रेघ मारलेली. म्हणजे येतं याला. एकटा राहिला की येतं. आठ वर्षं माझ्या लेकीने याच्यापुढे डोकं फोडून घेतलं, पालथ्या घड्यावर पाणी ओतलं, आणि हा इथे तारखा खोडत बसलाय. त्याने खुर्ची ओढली, तिच्यावर उशी ठेवली, माझ्या पाठीला लागते तशी. मी उभीच राहिले.

"तुम्ही विसरलात असं मी लेकीला सांगत होते," मी म्हटलं. 'तुम्ही' आपसूकच आलं. "पण हे सगळं बघून मला तसं वाटत नाही."

"विसरलो नाही आई," तो म्हणाला. "त्यांचे मेल येतात. महिना आधी, मग पंधरा दिवस, मग आठ, मग एक. सगळे वाचले."

"मग?"

तो टेबलावरचा कागद सरळ करत राहिला. सरळच होता तो. "चार वर्षं मी वेळेवर भरलं. घर सोडल्यावरसुद्धा. कुणी सांगितलं नव्हतं. तारीख आली की सकाळी उठून पहिलं तेच काम करायचो." मग म्हणाला, "चालू असतं तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही, आई. बंद पडलं की सगळ्यांचे फोन येतात."

चौतीस वर्षांत मला एकाही डॉक्टरने कधी विचारलं नाही की काल रात्री काही का झालं नाही. काही न होऊ देण्यात माझी रात्र गेलेली असायची. पण हे त्याला सांगितलं असतं तर मी त्याच्या बाजूची झाले असते, आणि मी तर भांडायला आले होते. म्हणून मी म्हटलं, "म्हणजे तिला धडा शिकवायचा होता."

"तिला नाही. तिचा फोन येणार नाही हे माहीतच होतं. ती मेल करेल असं वाटलं आणि तिने केला." तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत म्हणाला, "मला वाटलं, तुमचा येईल."

मी खुर्चीत बसले. तो घर सोडून गेला ती सकाळ मला आठवायची नव्हती, पण अशा गोष्टी आपल्याला विचारून येत नाहीत. दोन बॅगा दाराशी होत्या. लेक मुद्दाम लवकर कामाला गेली होती. मी ओट्याशी बटाटे सोलत होते. तो मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "येतो आई." आठ वर्षं रोज सकाळी लेक उठायच्या आत आम्ही दोघं एकाच वर्तमानपत्राची पानं वाटून घेऊन चहा प्यायलो होतो, त्याला निधनाच्या बातम्या आधी लागायच्या आणि मला शब्दकोडं. कोडं सोडवायला मदत करताना तो एक शब्द मुद्दाम सोडायचा, मला सापडावा म्हणून. आणि त्या सकाळी मी मान वर केली नाही. बटाट्याची साल एका लांब पट्टीत निघत होती, ती तुटू नये एवढंच मी बघत राहिले. आईने लेकीची बाजू घ्यायची असते, त्यात चुकलं काय? लेकीची बाजू घ्यायला कुणाकडे तरी पाठ करावीच लागते, असा माझा समज. चार वर्षांत त्याचा वाढदिवस आला की मी फोन हातात घ्यायचे आणि हवामान बघून ठेवून द्यायचे.

"अरे, मग तूच करायचास की फोन," मी म्हटलं. तोंडातून 'अरे' निघून गेलं. त्याने ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

"मी कोण म्हणून करणार?" तो म्हणाला. त्या वाक्यात तक्रार नव्हती. त्याला खरंच प्रश्न पडलेला होता.

मग त्याने कॉम्प्युटर उघडला आणि माझ्या देखत दहा मिनिटांत ते काम केलं. दहाच मिनिटं. मी घड्याळाकडे बघत होते. एवढ्यासाठी माझे अकरा दिवस, सात फोन आणि तीन जिने. हसावं की त्याच्या डोक्यात काही घालावं ते कळेना. शेवटी तो म्हणाला, "आता हे तुमच्या नावावर करतो." मी म्हटलं, माझ्या कशाला, मला त्यातलं काय कळतंय, तिच्या नावावर कर. त्याने मान हलवली. "माझ्याकडून थेट घ्यायला तिला आवडणार नाही. तुमच्याकडून घेईल. तुम्हाला एक मेल येईल, त्यात 'मान्य' म्हणायचं, झालं." मला ते पटलं. निघताना तो खालपर्यंत सोडायला आला. प्रत्येक वळणावर आधी तो थांबायचा, मग मी.

लेक त्या दिवशी लवकर आली. मी तिला बसवून सगळं सांगितलं. दिवे, कॅलेंडर, चार वर्षं वेळेवर भरलेलं, सगळं. मला वाटलं होतं तिला धक्का बसेल, निदान डोळे भरतील. ती सफरचंद कापत होती. म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तो भरतोय ते. मी नाही भरत म्हणजे दुसरं कोण भरणार? दरवर्षी त्या तारखेला मी पान उघडून बघायचे, आहे का. असायचं. आणि मग दिवसभर माझी चिडचिड व्हायची." सुरी खाली ठेवून ती बोलली. पेशंटांशी बोलते तशी, एकेक शब्द सुटा. "माझा अर्ज त्याला पाठवता आला नाही, आई. आणि हे बरोबर वेळेवर. मला कधीकधी वाटायचं की तो मला दाखवतोय, बघ, येतं मला. यंदा तुझ्या त्या बुटांचं कळलं ना, तेव्हा खरं सांगू? बरं वाटलं. सुटल्यासारखं."

"सुटल्यासारखं? आणि पेशंट?"

"मी दुसरं नाव घेतलं. त्याच दिवशी संध्याकाळी. सगळ्यांना कळवलं, पाटीसुद्धा टाकलीये करायला."

त्या बाईंचा फोन पुन्हा एकदाही आला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी म्हटलं, "मग मला कशाला पाठवलंस? अकरा दिवस मी त्या माणसाच्या मागे..."

"मी नाही पाठवलं तुला. मी म्हटलं होतं, जाऊ दे. काल पण म्हटलं, राहू दे." तिने सफरचंदाची फोड माझ्यापुढे केली. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "तू रोज इतक्या हौसेने फोन लावत होतीस, की मला सांगवेना."

मी ती फोड घेतली आणि खाल्ली. काय करणार? रात्रभर कूस बदलत राहिले असं म्हणणार नाही, मी झोपले. पण सकाळी उठल्यावर आरशात दात घासताना ते 'हौसेने' तोंडात फिरत होतं. तिला काही नको होतं. त्याला नाव नको होतं, नुसता फोन हवा होता. मग नाव परत मिळायला हवं होतं ते कुणाला? अकरा दिवस मी बिल्डिंगभर सांगत होते की लेकीसाठी माझे नाकी नऊ आलेत, आणि वीस मिनिटं गुडघ्यावर बोलत होते. कंपनीचा मेल आलेला होता. एका खाली एक दोन चौकटी, मान्य आणि अमान्य. लेक कामाला जायच्या घाईत होती, तिला विचारलं नाही. चष्मा लावला आणि 'मान्य' दाबलं. हे घर आधी नवऱ्याच्या नावावर होतं, मग लेकीच्या. पेन्शनचं खातं सोडलं तर नुसतं माझं असं माझ्या नावावर काही नव्हतं, आणि आता हे एक रिकामं पान आलं होतं, निदान त्यावरचे बूट तरी गेले होते.

त्याचा फोन त्यानंतर पाच दिवसांनी आला. त्याने स्वतःहून केला. "पोचलं ना आई?"

"पोचलं."

"ती काय म्हणाली?"

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये नातेवाइकांना काय सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं, यात माझा हात कुणी धरला नसता. पण त्याला मी सगळं सांगितलं. दुसरं नाव, पाटी, सुटल्यासारखं, तेसुद्धा. पलीकडे कागद सरळ केल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "बरं झालं." आणि थोड्या वेळाने, "मग तुम्ही तरी ते ठेवून काय करणार? पुढच्या वर्षी द्या सोडून."

आता मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. एकाने सोडलं ते कुणीतरी विचारावं म्हणून, दुसरीला बरं वाटलं ते सुटलं म्हणून, आणि मी मधल्या मधे गुडघे मोडून घेतलेली. "हे बघ," मी म्हटलं, "ते आता माझं आहे. ठेवायचं का सोडायचं ते मी ठरवेन. तुम्हा दोघांपैकी एकालाही विचारणार नाही."

"बरं आई."

"आणि पुढच्या मंगळवारी मी येतेय. अकराला. नावाचं काही काम नाही, नुसतीच."

आतल्या खोलीत लेक कपाट आवरत होती. हँगरचा आवाज थांबला. ती ऐकत होती हे मला इथून कळत होतं. मी आवाज कमी केला नाही.